रायपूर आधी की संबलपूर?

द्रोणागिरीच्या गोदामात दोन वर्षं मी लोकांचा माल गाडीत चढवतोय. माल देश फिरतो, आपण जासईच्या खोलीत. डोकं फिरलं. सहा दिवसांची सुट्टी टाकली आणि ट्रक चालवणाऱ्या पाथर्डीच्या नामदेवअण्णांच्या गाडीत बसलो.

गाडी मीच लावलेली, म्हणजे कुठला माल कुठं ठेवायचा ते मीच ठरवलेलं. गाडी लावायचं काम नुकतंच मिळालं होतं, महिनाभर चूक झाली नाही तर पक्कं. नियम सोपा: जे गाव आधी येतं त्याचा माल दाराशी, शेवटचं गाव सगळ्यात आत.

इगतपुरीला समृद्धी धरली. पाणी, खायचं बरोबर ठेवा, मैलोन् मैल हॉटेल नाही. नागपुरात माल उतरवून तर्री पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट, नाकातून पाणी आलं. भंडारा सोडलं आणि भाकरी संपली, ताटात नुसता भात. पाट्या हिंदी झाल्या. मी सारखा खिडकीतून बाहेर. अण्णा वैतागले, "बस की गप. देश कुठं पळून चालला नाही."

रायपूरला दुपारी दार उघडलं. समोर संबलपूरच्या टाइल्स, छतापर्यंत. रायपूरचे पंखे त्यांच्या मागे. मला वाटलेलं, ओडिशा अलीकडे आणि छत्तीसगड पलीकडे.

"किती शिकलास रे?"

"सातवी."

"मग भूगोलाची शिक्षा मला कशाला?" अण्णांनी शर्ट काढला. दोघांनी सगळ्या टाइल्स उतरवल्या, पंखे दिले, टाइल्स परत चढवल्या. चार तास गेले. पाण्याची बाटली देत ते म्हणाले, "उशीर का विचारलं तर शेठला सांगू टायर फुटला. नाहीतर काम जाईल तुझं."

संबलपूरला पोचेपर्यंत माती लाल झाली, पाट्यांवरची अक्षरं गोल गोल. एक वाचता येईना. हॉटेलवाल्यानं पाणी घातलेला भात, कांदा, मिरची दिली. बोटानं खाणाखुणा करून दोनदा मागितला. इथं जाल तर तो खाच.

अण्णा परतीच्या मालासाठी थांबले. मी परत बसनं रायपूर, तिथून जनरल डब्यातून कल्याण. जवळपास एक दिवस, अर्धा उभ्यानं.

गोदामाचे मालक दामूशेठ गेटवरच. अण्णांनी फोनवर टायरचं सांगितलेलं. "टायर खय फुटला रं?"

अण्णांचं नाव खोट्यात अडकवायला मन होईना. "फुटला नाही. मी उलटा माल लावला."

शेठ म्हणाले, "आता तू गाडी लावनार नाय. पेट्या उचल."

खारघरचा चुलतभाऊ म्हणतो, वेडा आहेस, लपवायचंस. असेन. काम गेल्याचं लागलंय, खोटं कशाला सांगू. पण तोंड गप्प बसत नाही. परवा नवीन माणूस रायपूरच्या पेट्या आत आणि कटकच्या दाराशी लावत होता. डोक्यावर पेटी असतानाच ओरडलो, "अरे, आधी रायपूर लागतं!"

त्यानं शेठकडं बघितलं. शेठनी माझ्याकडं. मग शेठ त्याला म्हणाले, "तो बोलतो तसा लाव."