पासपोर्ट सोडून

आमच्या जानेफळात माणूस गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचं कुणीतरी चाचांच्या फोटो स्टुडिओत येतं. तेरवीला हार घालायला फोटो लागतो, बॅनरवर लागतो, आणि घरात तो नसतो. असतो तो चाचांकडे. कधी बँकेच्या खात्यासाठी, कधी कसल्याशा अर्जासाठी त्या माणसानं पासपोर्ट फोटो काढलेला असतो, स्टुडिओतल्या खिळ्यावर टांगलेला निळा कोट अंगात घालून. गावातले निम्मे मेलेले पुरुष त्याच कोटात भिंतीवर आहेत. चाचांनी असा एकही फोटो कधी पुसला नव्हता. "धंद्यासाठी नाही ठेवत मी हे," ते म्हणायचे. "कोणाचा कवा लागन, काय सांगावं."

ते सगळे फोटो मी पुसले. बोटं चाचांची होती, पण पुसले मीच.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम गावात घरी बसून करतो. त्यामुळे गावाला वाटतं की हा कम्प्युटरचा डॉक्टरच आहे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनं चाचा कंटाळले होते, तेव्हा फोटो साठवायच्या त्यांच्या जुन्या कम्प्युटरवर मी लिनक्स टाकून दिलं. लग्नांच्या हजारो फोटोंनी त्याची डिस्क सारखी भरायची. म्हणून एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की ठरलेली कामं आपोआप करणारी ती यादी. नाव ठेवलं ‘साफ’. साफ आणि पुढे गावाचं नाव दिलं की त्या गावाच्या फोल्डरमधलं वर्षाहून जुनं सगळं जायचं. पासपोर्ट फोटो सोडायचे असतील तर मधे डॅश पी टाकायचा.

आता विचारा मला, की जे कधीच पुसायचं नाही ते वाचवायला वेगळं काही टाइप का करावं लागावं? उलटं असायला पाहिजे होतं. पण एका रविवारी तासाभरात मी ती लिहून मोकळा झालो, चाचांनी पाठ थोपटली, चहा पाजला, आणि मी खुशीत घरी आलो. सगळ्या फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायचं काम पुढच्या रविवारी करू असं ठरलं. तो रविवार दोन वर्षं उजाडला नाही.

दोन वर्षं चाचांनी भिंतीवर चिकटवलेला, मी लिहून दिलेला कागद पाहून ती ओळ बरोबर टाइप केली. आधी साफ, मग डॅश पी, मग गाव. यंदा ईदच्या आधी दुकानाला रंग दिला, तेव्हा तो कागद निघाला आणि कचऱ्यात गेला. त्यांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. माइक बंद करून उचलला.

"बेटा, ते पी पहिले टाकू का गाव पहिले?"

"काहीबी टाका चाचा, चालते."

"पक्कं ना?"

"हाव ना. मीटिंगमंधी आहो मी."

एवढ्या ठामपणे सांगितलं, कारण माझ्या रोजच्या वापरातल्या बऱ्याच आज्ञा तो डॅश मागे टाका की पुढे, समजून घेतात. माझी स्क्रिप्ट मात्र गेटऑप्ट्स वापरत होती. टाइप केलेल्या शब्दांतून डॅशवाले पर्याय वेचायचे, हे गेटऑप्ट्सचं काम. ते डावीकडून वाचत येतं आणि डॅश नसलेला पहिला शब्द भेटला की थांबतं. त्याच्या लेखी पर्याय संपले. पुढे काही उरलंय का, हे पाहणं स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर असतं. त्याला दोन ओळी लागतात. उरलं असेल तर काहीएक न करता थांब, एवढंच सांगणाऱ्या दोन ओळी. हे मला माहीत नव्हतं म्हणावं तर तीही सोय नाही. कंपनीतल्या नव्या पोरांना हेच मी शिकवतो आणि विसरले तर चार शब्द सुनावतो.

चाचांनी आधी जानेफळ टाइप केलं, मग डॅश पी. गेटऑप्ट्स जानेफळवर थांबलं, मागचा डॅश पी त्यानं वाचलाच नाही. स्क्रिप्टनं तक्रार केली नाही, काही विचारलं नाही, आणि पासपोर्ट फोटोंसकट गावाचं वर्षाहून जुनं सगळं पुसून टाकलं. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच दुपारी चाचांनी हिवरा आश्रमाकडच्या एका लग्नाचे फोटो भरले.

तीन दिवसांनी एक बाई तिच्या दिराला घेऊन आली. नवरा हंगामात खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा. झोपेतच गेला होता. फोन त्याचा साधा बटनाचा. नातेवाइकांच्या लग्नातल्या फोटोंत तो होता, पण हातात बादली घेऊन, पंगतीत वाढताना, पाठमोरा. आधार कार्डावरचा काळपट ठिपका सोडला तर समोरून काढलेला फोटो एकच, दोन वर्षांपूर्वी बँकेच्या खात्यासाठी काढलेला. चाचांनी फोल्डर उघडलं तर त्यात जुनं काही नव्हतं.

मी धावत गेलो. चाचा तेच फोल्डर उघडत होते, बंद करत होते, पुन्हा उघडत होते. आधी टाइप केलेल्या ओळी मी वर सरकवून पाहिल्या. आधी जानेफळ, मग डॅश पी. बाई बाहेर बाकावर बसली होती. मी हळूच म्हणालो, "चाचा, तुमचं काही नाही चुकलं. माह्यं चुकलं."

त्यांनी फोल्डर बंद केलं आणि म्हणाले, "समजलं मले. कोणाले सांगू नको. तुले गावात राह्यचं हाय." आणि बाहेर जाऊन त्यांनी तिला सांगितलं, "मशीन बिघडली माय. हा पोरगा पाहून राह्यला."

पुसलेले फोटो परत काढता येतात, पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर. इथे लग्न लिहिलं गेलं होतं. दोन दिवस मी तिथून उठलो नाही. जे हाती लागलं त्याची नावं गेलेली होती, आणि बहुतेक फोटो वरून अर्धेच निघत होते. केस, कपाळ, डोळे, आणि खाली नुसता करडा पट्टा. जे थोडे पूर्ण निघाले ते दुसऱ्यांचे. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसली. मी एकेक चेहरा दाखवत गेलो, ती मान हलवत गेली. दुपारनंतर एका फोटोवर तिनं मला थांबवलं. पडद्याजवळ तोंड नेऊन खूप वेळ पाहिलं, आणि मग मला विचारलं, "भाऊ, हे डोये त्यायचेच हायेत का?"

एका गावात राहून मी त्या माणसाला कधी नीट पाहिलं नव्हतं. म्हणालो, "मले नाही सांगता येत, वहिनी."

"मलेबी आता नाही सांगता येत," ती म्हणाली.

सकाळी ती आली तेव्हा नवऱ्याचा चेहरा तिला पक्का आठवत होता. शेकडो अर्धे चेहरे दाखवून तोही मी तिच्याकडून काढून घेतला. माझ्या हातून याहून वाईट काही घडलेलं मला आठवत नाही.

त्या रात्री मी स्क्रिप्टमध्ये त्या दोन ओळी टाकल्या. बैल गेला अन् झोपा केला. आता पारावर एखादा म्हातारा खोकला तरी माझी पावलं थांबतात. घरी तरणी पोरं असली तर त्यांच्या मोबाइलमध्ये याचा एखादा फोटो असेल, अशी मी मनाची समजूत घालतो आणि पुढे निघतो. विचारायची हिंमत होत नाही.

तेरवीला बोलावणं आलं. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्यांनी चौकटीत बसवला होता. काळा डाग, त्यात दोन फिकट ठिपके, आणि वर झेंडूचा हार. मी पंगतीत सगळ्यात शेवटी, भिंतीकडे बसलो. चाचा समोरच्या रांगेत होते. बाई दारातून पंगतीवर नजर टाकत होती. मला पाहून तिनं दिराला हाक मारली.

"याईले वाढ ना बापा. दोन दिवस उपाशी बसले हे आपल्या फोटोसाठी."

दीर बुंदीचं ताट घेऊन आला. शेजारचा एक जण म्हणाला की असा पोरगा गावात पाहिजे. सांगून टाकावं म्हणून मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. मग मी खाली पत्रावळीकडे पाहून जेवलो. दिरानं दुसऱ्यांदा बुंदी वाढली तीही खाल्ली, कारण नको म्हणायला मान वर करावी लागली असती.