परातीतलं नाव

थोरामोठ्यांचे आईबाप मला तोंडपाठ. अमक्या राजाची आई कुठल्या घराण्यातली, तमक्या संताचं मूळ आडनाव काय, झोपेतून उठवून विचारा. जिंतूरला इतिहास शिकवण्यात उभी हयात गेली आणि निवृत्तीनंतरही जयंती आली की भाषणाला मलाच बोलावतात. पण घरात सून आली तेव्हा या विद्येचा काडीचा उपयोग झाला नाही.

सून पाथरीची. लग्नाआधी तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली.

"मामा, माझं नाव नका बदलू. बाबांनी ठेवलंय ते. बाबा गेले, आता तेवढंच हाय त्यांचं माझ्यापाशी."

"अगं, मी हाय ना! कुणाची बिशाद हाय?" मी छातीठोकपणे सांगून मोकळा.

बिशाद माझ्या थोरल्या बहिणीची होती. आमच्यात सुनेचं नवं नाव नवरदेवाची आत्या ठरवते. नवरदेव ते परातीतल्या तांदळावर अंगठीनं लिहितो, मग पेढे वाटतात. आई गेल्यावर अक्कानंच मला वाढवलं, तिच्यापुढं माझी आजही बोबडी वळते. तिनं परात पुढं सरकवली, पोराच्या कानात नाव सांगितलं. पोरानं माझ्याकडं बघितलं. सुनेनंही बघितलं. आणि मी काय करावं? पेढ्यांचा पुडा सोडायला बसलो! दोरा सुटेना म्हणून नखानं ओढत राहिलो. मान वर केली तेव्हा लोक टाळ्या वाजवायले होते.

"लय गोड नाव हाय," कुणीतरी म्हणालं. सून हसली. तिला तसं हसताना बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून मी तिला नावानं हाक मारणंच सोडलं. जुनं घ्यावं तर अक्का घरात, नवं घ्यायला जीभ रेटेना. "अगं ए", "ऐकलंस का बेटा" असं कसंतरी भागवायचं.

मागच्या आठवड्यात एका राणीच्या जयंतीचं भाषण होतं. सून म्हणाली, मी पण येते. त्या राणीचं सासरी दिलेलं नाव सगळ्या जगाला माहीत. माहेरचं नाव कुठंच सापडत नाही. दरवर्षी मी इथं आवाज चढवतो: "एकालाही ते लिहून ठेवावंसं वाटू नये? लाज वाटायला पाहिजे!" सवयीनं या वेळीही चढवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या रांगेत सून तेवढी मांडीवर हात ठेवून बसली होती. मी मनात स्वतःलाच म्हणालो, अरे नालायका, कुणाला लाज शिकवायलास? पुढचं भाषण कसंबसं उरकलं.

परतताना ॲटोत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "बेटा, चुकलं माझं. आजच अक्काला सांगतो. घरात सगळे तुला तुझ्याच नावानं हाक मारतील."



"राहू द्या मामा. आता आईबी फोनवर नवंच नाव घ्यायलीय. सासरी कुणाला राग यायला नको म्हणती."

मला राहवलं नाही. मी तिथंच, मोठ्यानं, तिला तिच्या जुन्या नावानं हाक मारली.

तिनं दचकून आधी ॲटोवाल्याकडं बघितलं.

"हळू, मामा," म्हणाली. "कुणी ऐकंल."