मामींनी भरून दिलेली डबी

आशाताईंनो, लातूरच्या दवाखान्यातून आत्ताच घरी आले. आधी आपल्या ग्रुपवर लिहितेय.

गेल्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी आपण घरोघरी संडासच्या नमुन्याच्या डब्या वाटल्या, आठवतं? माझ्या शेजारच्या मामांनी तेव्हा तोंडच फिरवलं होतं. "असली घाण कुनी पोरीच्या हातात देतं का?" मग मी मामींना गळ घातली, "रिकामी डबी गेली तर मला वरून बोलणी बसतात." दुसऱ्याच दिवशी डबी भरून आली. रिपोर्ट चांगला निघाला.

दिवाळीनंतर मामांना संडासातून रक्त जायला लागलं. मीच म्हणाले, "रिपोर्ट चांगला आलाय, मूळव्याध असंल." मग कितीतरी महिने झाडपाल्याचं औषध चाललं.

आज डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे आणि लिव्हरपर्यंत गेलाय. मी त्यांच्याशी भांडले. पर्समधला जुना रिपोर्ट काढून त्यांच्यापुढं धरला.

मामींनी मला जिन्यात ओढून नेलं. "पोरी, त्यो रिपोर्ट माझा हाय. ह्यांनी दिलंच न्हाई. तुला बोलणी नकोत म्हणून मीच भरली डबी. ह्यांना सांगितलं, तुम्ही पाणी टाकायचं विसरला तवा तुमचंच घेतलं."

मामांना हे माहीत नाही. चाकूरला घरी परत येताना जीपमध्ये तेच मला धीर देत होते, "रडू नको. रिपोर्ट चांगला होता की आपला."

माझ्या वहीत अख्ख्या गावाचे असे चांगले रिपोर्ट आहेत. त्यातला कुणाचा खरा मानू?

तुम्हालाही डब्या दुसऱ्याच दिवशी भरून मिळाल्या होत्या ना?