टोचणारं बोंड

खांद्याच्या उपचारासाठी मी बुलडाण्याला जायचो, तेव्हा शेजारच्या खाटेवर देऊळघाटची एक बाई असायची. लकव्यानं तिचा उजवा हात गेला होता. हलत नव्हता आणि त्याला स्पर्शही कळत नव्हता. मशीननं करंट दिला की मात्र बोटं आपोआप मिटायची. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिनं सरळ परत केला.

"हा लेकराईले द्या. मले कापूस वेचा लागते."

आणि पदराच्या गाठीतून कपाशीचं टोकदार, वाळकं बोंड काढलं. मशीन बंद झालं तरी ती ते बोंड त्याच बोटांत धरायला झगडत बसायची.

एके दिवशी तिच्या उजव्या हाताच्या बोटातून रक्त आलं. डॉक्टर पट्टी घेऊन धावले. तिनं हात मागे ओढला.

"राहू द्या पट्टी! लय दिवसानं टोचलं मले. जरा दुखू द्या."