शाहिराचं नाव

आमच्या बँडची दुसरी कॅसेट कुणाच्या कपाटात दिसली की आजही माझं डोकं फिरतं. लोक कौतुकाने सांगतात, 'त्या काळात तुम्ही इलेक्ट्रिक गिटारवर कोकणातली जाखडी वाजवलीत, झकास!' मी दातओठ खात त्यांचा चहा पितो.

आम्ही मुलुंडची चार पोरं. आमची पहिली कॅसेट पक्की विलायती थाटाची होती. ती आमच्या आयांनीसुद्धा शेवटपर्यंत ऐकली नाही. दुसरीच्या वेळी कॅसेट कंपनीचा माणूस म्हणाला, "मातीचा वास हवा." बाकी तिघांच्या घरी माती होती ती कुंडीत. माझ्याकडे मामा होता.

मामा रत्नागिरीकडचा, घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहणारा. संपात गिरणी गेली, तेव्हापासून तो एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसायचा. गणपतीत मात्र तो शाहीर. जाखडीच्या सामन्यात शक्तीवाले आणि तुरेवाले अशी दोन मंडळं समोरासमोर उभी राहतात आणि गाण्यांतून एकमेकांची पिसं काढतात. मामा शक्तीवाला. गाणी स्वतः रचायचा, फाटकावर बसल्या बसल्या.

त्यातलं एक मी मागितलं. "घे की," तो म्हणाला, "फक्त शेवटचं कडवं नीट वाजवा."

शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं, गुरूचं आणि गावाचं नाव गुंफतो. गाणं कुणाचं, याचा तेवढाच पुरावा. मामाच्या मांडीवर बसून मी सामने ऐकलेले. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

गोरेगावच्या स्टुडिओत मामा रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. आमच्या ड्रम्सना जराही न बिचकता त्याने एका दमात सगळं गाणं म्हटलं आणि विडी ओढायला खाली गेला. तेवढ्यात कंपनीचा माणूस म्हणाला, "लांब झालंय यार. ही शेवटची नावं उडवा. कोण ओळखतं याला?" तिघांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

गाणं छोटंच करायचं होतं, तर मधला माझा गिटारचा तुकडा कापता आला असता. तो जवळजवळ तेवढाच होता. मला तो फार आवडायचा. मी म्हणालो, "चालेल."

मामाला मी सांगितलं, शेवटच्या कडव्याआधीच टेप संपली. कॅसेट आली तर कव्हरवर आमचे चौघांचे फोटो आणि गाण्यापुढे छापलेलं, 'पारंपरिक'. मामा जिवंत होता, रोज आठ तास फाटक उघडत होता, आणि त्याचं गाणं पारंपरिक! मी चिडून कंपनीत गेलो. "पुढच्या छपाईला बघू," तो माणूस म्हणाला. मी मुकाट्याने परत आलो. त्याचा राग येतोच, पण त्याच्यासमोर शेपूट घालणाऱ्या माझा जास्त येतो.

पुढच्या गणपतीत ते गाणं मंडपामंडपांत वाजत होतं. त्याच आठवड्यात घाटकोपरच्या मैदानात सामना होता. मामाने तेच गाणं धरलं. शेवटच्या कडव्यात त्याचं नाव आलं आणि समोरचा तुरेवाला शाहीर आमची कॅसेट उंच धरून पुढे आला. "कॅसेटवर गायलास म्हणून लोकांचं गाणं चोरून त्याला आपलं नाव चिकटवतोस व्हय? हितं छापलंय, पारंपरिक! आन् ह्ये कडवं तर ह्याच्यात न्हायच!"

मैदान हसलं. शिट्ट्या पडल्या. ज्याने उभ्या जन्मात दुसऱ्याची एक ओळ उचलली नव्हती, त्याला चारशे माणसांपुढे चोर म्हटलं. मी उठलो, तरातरा माइकपाशी गेलो. मामाने माइकवर हात ठेवला.

"मामा, मला सांगू दे त्यांना."

"टेप संपली नव्हती ना रे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग आता गप ऱ्हा. तवा बोलायचं व्हतंस."

त्याने ढोलकीवाल्याला खूण केली आणि दुसरं गाणं सुरू केलं. तेही त्याचंच होतं. शेवटचं कडवं आलं तेव्हा त्याने गुरूचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, आणि स्वतःचं गाळलं.