खाऊन पाय

आमची खाऊनपाय रोज संध्याकाळी कढईभर कोंबडी तळायची, पण जन्मात तिने कोंबडीचा तुकडा तोंडात घातला नव्हता. सासर माळकरी, माहेरही माळकरी. घरी परतल्यावर अंगणातल्या नळाखाली अंघोळ केल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नसे. आणि अमरावतीच्या खाऊगल्लीत तिच्या चिकन सँडविचसाठी माणसं ताटकळत उभी असत. मी तिच्यावर जळायचे. सँडविचमुळे नव्हे, माझ्या बाबांमुळे.

ती वलगावची. घरचा भाजीपाल्याचा मळा होता, म्हणून तिने आधी भाजीच्याच सँडविचची गाडी लावली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. येणारा प्रत्येकजण विचारायचा, "चिकन हाय काय?" महिनाभर "नाय जी, नाय जी" म्हणून तिचं तोंड दुखलं. मग एक दिवस तिने कोंबडी आणली, नाकाला पदर लावून ती दह्यात आणि आलं-लसणात मुरवली, ज्वारीच्या पिठात घोळवली आणि तळून पावात घातली. घरी सासूने दोन दिवस अबोला धरला. हिने तो खुशाल धरू दिला.

नवा माल आला म्हणून नवी पाटी हवी होती. पेंटर रंगाचे डबे घेऊन आला आणि त्याने विचारलं, "बाई, नाव काय लिवू?" ही तेव्हा कढईशी होती. तिने त्याच्या हातात एक तुकडा ठेवला आणि म्हणाली, "आधी खाऊन पाय, मंग लिव." तेलाच्या आवाजात पेंटरला अर्धंच ऐकू आलं. त्याने लाल अक्षरांत झकास लिहून टाकलं: खाऊन पाय. आमच्या वऱ्हाडात 'पाह'चं 'पाय' होतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. उलट गाडीचं आणि बाईचं तेच नाव पडलं. एकदा पुण्याचं एक जोडपं आलं आणि पाटी वाचून त्यांनी दोन लेगपीस मागितले. ही हसून हसून बेजार. "पाय म्हंजे तंगडी नाय हो! पाय म्हंजे बघ! पन डोयानं नाय, तोंडानं!"

पण ती स्वतः तोंडाने बघू शकत नव्हती, हीच तिची खरी अडचण होती. मीठ बरोबर पडलं की नाही, मसाला कच्चा राहिला की काय, हे सांगणारं कुणी हवं होतं. नवराही माळकरी. गिऱ्हाईक तर "मस्त" म्हणून निघून जातं, किंवा काहीच न म्हणता पुन्हा येत नाही. तिला खरं बोलणारी जीभ हवी होती, आणि ती तिला माझ्या बाबांच्या रूपाने सापडली.

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून अमरावतीच्या घरात एकटेच. माझं सासर अकोल्याला, जुन्या शहरात. दर रविवारी मी सकाळच्या गाडीने बाबांकडे यायचे आणि कोंबडीचा रस्सा करायचे. आईच्याच पद्धतीचा, खोबरं आणि कांदा भाजून, वर लाल तर्री. वाढून झालं की विचारायचे, "बाबा, कसं झालं?" बाबा मान खाली घालून जेवत. हात धुतल्यावर म्हणत, "झालं."

झालं! भात झाला, पाऊस झाला, जेवण झालं. आईलाही त्यांनी आयुष्यभर याच एका शब्दावर ठेवलं होतं. आई म्हणायची, "तुया बापाच्या जिभेले कुलूप हाय, अन् किल्ली हरपली." मी ते मान्य केलं होतं. काही माणसं असतात अशी, म्हणून सोडून दिलं होतं.

ती किल्ली खाऊगल्लीत सापडल्याचं मला फोनवर कळलं. एरवी "बरा हाय, ठेव" यापलीकडे न जाणारे बाबा त्या दिवशी बोलतच सुटले. "ते वलगावची पोरगी हाय न, तिनं काल मिरची जास्त टाकली. मी सांगतलं तिले. आज बराबर केलं. पन पाव अंमळ कमी भाजला." मी फोन कानाला धरून उभी. माझ्या रश्श्याला एक शब्द, आणि तिच्या पावाला भाषण! पुढे हे रोजचंच झालं. ज्वारीच्या पिठात थोडं तांदळाचं घाल म्हणून त्यांनीच सुचवलं. मेयोनीजमध्ये हिरव्या मिरचीचा ठेचा कालवायची अक्कलही त्यांचीच. आमच्या घरात ठेचा कुठल्या डब्यात असतो, हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते माझे बाबा.

शेवटी एका शनिवारी मी संध्याकाळीच अमरावतीला आले आणि थेट तिच्या गाडीवर गेले. खोट काढायला गेले होते, हे सांगून टाकलेलं बरं. ती तिशीतली, ठेंगणी, कपाळावर घाम आणि आडवं कुंकू, गळ्यात तुळशीची माळ. माळेला तेलाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून ती पदरात गुंडाळून ठेवलेली. बाबा कढईजवळच्या स्टुलावर घरच्यासारखे बसले होते. त्या स्टुलावर ती दुसऱ्या कुणाला बसू देत नसे, असं नंतर कळलं. पहिला घाणा उतरला की त्यातला पहिला तुकडा ती बाबांच्या हातात ठेवायची आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

"काका, पापाचं मी पाहून घेईन. तुमी मिठाचं पाहा," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटून चावलं. "मीठ थोडं वाढव. लसूण आज बराबर."

मी आजवर वाढलेल्या ताटांसमोर बाबांनी डोळे कधी मिटले होते? बाबांनी ओळख करून दिली, "हे माही पोरगी, अकोल्याची." ती माझ्याकडे जरा जास्तच रोखून बघत राहिली. मग तिने पाव लोण्यावर भाजला, त्यात चिकन, ठेच्याचं मेयोनीज, मळ्यातली बारीक चिरलेली पानकोबी घातली आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "ताई, खाऊन पाहा. खरं सांगजा हं."

मी खाल्लं. बाहेरचं पीठ कुरकुरीत वाजलं, आत कोंबडी रसदार, आणि मागून ठेचा असा आला की डोळ्यांतून पाणी. चांगलं होतं. फार चांगलं होतं. हे लिहिताना अजूनही पेन अडखळतं. खोट काढायची म्हणून मी म्हटलं, "पानकोबी जास्त हाय." तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "नाय, बराबर हाय." झालं, माझं नाक तिथेच कापलं गेलं.

"हात माहे, जीभ काकाची," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायची. ऐकलं की माझ्या पोटात मिरची पडायची. ती जीभ माझ्या घरची, आणि हात मलाही होते. तरी तिचा रागही धड करता येत नसे. बाबांना ताप आला तेव्हा मी अकोल्याहून पोचायच्या आत ती मळ्यातली पालक आणि मुगाची खिचडी घेऊन हजर. बाबांच्या उशाशी बसून दटावत होती, "काका, तुमी लवकर उठा, गाडीवर मीठ बिघडून राह्यलं." त्याही वेळी मला आधी हायसं वाटलं आणि लगेच जळफळाट झाला. जे वाटलं ते वाटलं.

मग तिच्या नवऱ्याला चिखलदऱ्यात एका मोक्याच्या जागी गाळा मिळाला. पर्यटकांची गर्दी, थंड हवा, गरम सँडविच. अशी संधी कोण सोडणार? निघायच्या आदल्या संध्याकाळी ती पाटी काढून गोणपाटात गुंडाळत होती. त्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही बाबांबरोबर होते. बाबा शेजारच्या गाडीवाल्याशी बोलायला सरकले तशी ती माझ्या जवळ आली.

"ताई, एक सांगू काय? मले तुमचा लय हेवा वाटे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "माहा? काहून?"

"काका रोज पयला तुकडा खात, मीठ सांगत, लसूण सांगत. अन् शेवटी एकच बोल. 'बरं जमलं, पोरी. पन माह्या पोरीच्या रश्श्याची सर याले नाय.' रोज जी! मी पीठ बदललं, मसाला बदलला, तरी तेच. मले वाटे, असं काय हाय त्या रश्श्यात? अन् मी त चाखूनबी पाहू शकत नाय." तिने पदराने नाक पुसलं. "मंग त्या दिवशी तुमी आल्या, तं मी तुमाले चांगलं पाहून घेतलं."

समोर बाबा पाठमोरे उभे होते. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं ताटं वाढली, ते ही बाई रोज ऐकत होती, आणि तेही फुकटात, कढईच्या धुरात! तिला मिठी मारावी की तिथेच भांडावं, ते कळेना. मिठी मारली. तिच्या पदराला लसणाचा वास होता.

ती गेल्यानंतरच्या रविवारी मी जीव ओतून रस्सा केला. आता मला गुपित ठाऊक होतं. बाबांच्या समोर बसले आणि विचारलं, "बाबा, कसं झालं?"

बाबांनी घास घेतला. आणि काय सांगू, डोळे मिटले.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज, "त्या वलगावच्या पोरीच्या हाताले मीठ बराबर समजे. तिची सर कोनाले नाय."

मी मीठ आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून आधी पोटभर जळले. मग हसू फुटलं. बाबांच्या घरचं कौतुक नेहमी दुसऱ्या गावाला मिळतं, आणि चुलीशी उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याला मीठ येतं. पण इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ते मीठ माझ्या वाट्याला आलं होतं. 'झालं' नव्हे, 'मीठ कमी हाय.' मला ते भरल्या ताटासारखं वाटलं.

तिला कळवावं म्हणून फोन हातात घेतला. तिने माझं वाक्य मला आणून दिलं होतं, तिचं तिला पोचवणं माझं काम होतं. नंबर काढलाही. मग फोन परत ठेवला.

सांगेन एखाद्या दिवशी. तोवर तिकडे डोंगरावर तिलाही थोडं माझ्यावर जळू दे.