हॅशच्या आतली माणसं

पाचूबंदरच्या सेलिनचा बाप रेमंड खलाशी होता, आई इनेझ मासळी विकायची. माणिकपूरच्या एका क्लासमध्ये सेलिन पर्ल नावाची संगणकाची भाषा शिकली आणि २००३ साली मच्छीमारांच्या एका सोसायटीत कामाला लागली. कुठल्या बोटीवर कोण आहे ते सांगणारा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला. खलाशी ऐन वेळी बोटी बदलत, म्हणून निघण्याआधी बोटीचा प्रमुख, तांडेल, फोन करी आणि सेलिन नावं भरी.

त्या दिवाळीनंतर तिने प्रोग्राम सुधारला. बोटीच्या आत खलाशी, खलाशाच्या आत त्याच्या घरचा फोन, अशी, पर्लमध्ये ‘हॅश’ म्हणतात त्या पेट्यांची एकात एक मांडणी केली. भरताना सगळं नीट बसलं. छापून बघायचं मात्र राहून गेलं.

मग एका सकाळी अचानक वारा फिरला. दुपारपर्यंत बाकीच्या बोटी किनाऱ्याला लागल्या, तीन आल्या नाहीत. तटरक्षक दलाकडून फोन आला, नावं हवी होती. सेलिनने प्रिंटची आज्ञा दिली. कागदावर तिन्ही बोटींची नावं उमटली, पण माणसांच्या जागी नुसतं ‘हॅश’ आणि कंसात कसलेसे आकडे.

दारात जयवंती उभी होती. तिचा मुलगा कृष्णा पहाटे बोटीवर जायला घरातून निघाला होता.

“कृष्णा कोनच्या बोटीवर हाय, सांग ना बाय.”

“बघते, मावशी.”

“बघतेस काय? तुझ्या मशिनीत नाय का?”

होता. पण संगणक त्याची पेटी कुठे ठेवलीय तेवढंच सांगत होता, पेटीत काय आहे ते नाही. सेलिनने फाईल उघडली, तर नावं आणि चिन्हांची नुसती खिचडी. कोण कुठे, काही कळेना. क्लासच्या जितेश सरांना फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला. बाहेर कुणीतरी रडायला लागलं होतं.

शेवटी सर फोनवर आले. “अगं, प्रिंट वरचाच थर दाखवतं. डेटा डम्पर घे, पर्लबरोबरच येतं. सगळे थर उलगडून देईल.”

तिने सर सांगतील तशा दोन ओळी घातल्या. आता प्रत्येक बोटीखाली, थोडं आत सरकून, एकेक खलाशी दिसू लागला, त्याच्याखाली आणखी आत त्याचा फोन. लहान पोरालाही समजेल असं. सेलिनने तटरक्षक दलाला फोनवर नावं वाचून दाखवली. तिसऱ्या बोटीत कृष्णा होता.

संध्याकाळी दोन बोटी उत्तरेकडच्या बंदरात सुखरूप असल्याचा निरोप आला. तिसरीचा काहीच पत्ता नव्हता.

“थोडं आधी कललं असतं तर?” जयवंतीने विचारलं.

तटरक्षकांची बोट त्या वाऱ्यात दुपारी निघूच शकली नव्हती. हे तिने जयवंतीला सांगितलं. जयवंतीने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

चौथ्या दिवशी अर्नाळ्याच्या किनाऱ्याला त्या बोटीच्या जाळ्याचे तुकडे वाहत आले. माणसं आली नाहीत. जयवंती पुढे कितीतरी दिवस दुपारी सोसायटीत येऊन बसायची. सेलिन तिला चहा द्यायची आणि शेजारी बसायची. दुसरं काय करावं, ते दोघींनाही सुचत नव्हतं.